खांबेटेकाकांचा उमेदवार

खांबेटेकाकांच्या अंगणात ज्याच्या नावाची पाटी लागते, तो माणूस अमेरिकेचा अध्यक्ष होत नाही.

आमच्या गल्लीत हे सगळ्यांना पाठ आहे. वेस्ट विंडसरला त्यांच्या शेजारचं घर घेऊन मला बारा वर्षं झाली. तेवढ्या काळात काकांच्या हिरवळीवरच्या पाटीवर एक मधमाश्या पाळणारा येऊन गेला, बॉक्सिंगचा एक निवृत्त पंच येऊन गेला, आणि तारांगण चालवणारे एक गृहस्थ, ज्यांना टीव्हीवरच्या वादात एकूण चार वाक्यं बोलायला मिळाली आणि त्यातली दोन गुरू ग्रहाबद्दल होती. या सगळ्यांना अध्यक्ष व्हायचं होतं. कोणी या पक्षाचा, कोणी त्या. काकांना पक्षाशी देणंघेणं नाही. माणूस बाहेरचा पाहिजे, एवढीच त्यांची अट.

आता इथली पद्धत अशी की खऱ्या निवडणुकीआधी प्रत्येक पक्ष राज्याराज्यांत मतदान घेऊन आपला उमेदवार ठरवतो. त्याला प्रायमरी म्हणतात. न्यू हॅम्पशरची प्रायमरी भर थंडीत, अगदी सुरुवातीला. आमच्या न्यू जर्सीची जूनमध्ये, जवळजवळ शेवटी. तोवर काकांचा उमेदवार माघार घेऊन, घरी जाऊन, वजन वाढवून मोकळा झालेला असतो. काका तरीही जूनमध्ये इस्त्रीचा शर्ट घालून जातात आणि त्यालाच मत देतात. नाव छापलेलं नसेल तर हाताने लिहून देतात.

आमच्या घरमालकांच्या असोसिएशनने एकदा त्यांना पत्र पाठवलं होतं, की सदर उमेदवाराने माघार घेतल्याने पाटी काढावी. काकांनी उलट टपाली कळवलं, "त्यांनी माघार घेतली आहे, मी घेतलेली नाही."

काका मूळचे चिपळूणचे. औषधांच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ म्हणून सव्वीस वर्षं काढली. त्यामुळे कुठल्याही गोष्टीकडे ते उकळायला ठेवल्यासारखं बघतात. दिवाणखान्यात तीन टीव्ही, तिन्हींवर तीन बातम्यांची चॅनेल्स, तिन्हींचा आवाज बंद. हातात स्वयंपाकघरातला अंडी उकडायचा टायमर. घरात अंडं येत नाही, पण कुठल्या उमेदवाराला किती मिनिटं दाखवलं हे मोजायला टायमर आहे.

"आवाज कशाला हवा?" ते म्हणतात. "फोटो केवढा झाला ते बघायचं."

त्यांचा एक सिद्धांत आहे, आणि तो तीन शब्दांचा आहे: उचलला, मिरवला, आपटला. मीडियाला दर हंगामात कोणीतरी बाहेरचा लागतो. राजकारणातल्या त्याच त्या चेहऱ्यांनी तेही कंटाळलेले असतात. मग कुठला तरी शेतकरी, पंच, मास्तर सापडला की आठवडाभर त्याचे बूट दाखवतात, जुना ट्रक दाखवतात, आणि शेवटी गावातल्या डायनरमध्ये, म्हणजे खानावळीत, तो पाय खाताना दाखवतात.

हा पाय म्हणजे सफरचंदाचा गोड पाय. पण पहिल्यांदा काका कुंपणावरून ओरडले होते, "मेघना, उचलला! टीव्हीवर पाय खाल्ला!" तेव्हा मी नागपूरहून नवीनच आलेली, आणि त्या बातमीने माझी भूक गेली होती.

गेल्या प्रायमरीत काकांना सापडली ती डॉ. हेलन ब्रॅकेट. नेब्रास्कातली गुरांची डॉक्टर. साठीची, उंच, हातांचे पंजे भाकरीएवढे. आयुष्यात कधी ग्रामपंचायतीलाही उभी राहिली नव्हती. कुठल्याशा सभेत कोणीतरी तिला परराष्ट्र धोरण विचारलं, तर ती म्हणाली, "मला माहीत नाही. वाचून सांगते." राजकारणातल्या माणसाने "माहीत नाही" म्हटल्याचा मीडियाला असा काही धक्का बसला की चारच दिवसांत तिच्या बुटांचा फोटो तिन्ही टीव्हींवर आला.

"डॉक्टरीणबाईंना उचललं," काका गंभीरपणे म्हणाले. "आता मला तिकडे जायला हवं."

दर चार वर्षांनी काका न्यू हॅम्पशरला जातात, स्वतः गाडी चालवत. पण या खेपेला त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. काकू लेकीच्या बाळंतपणासाठी सिअॅटलला. "राजकारणापासून तीन टाइम झोन लांब आहे, सुखात आहे," असं त्या म्हणायच्या. त्यांनीच मला फोन केला.

"मेघना, हे एकटे निघतील गं. बर्फात. एका डोळ्याने. तुझं काम तर लॅपटॉपवरच असतं ना? कुठूनही करता येतं ना?"

काकूंना नाही म्हणणं मला जमत नाही. गुरुवारी पहाटे आम्ही निघालो. मी गाडी चालवते आहे, शेजारी खांबेटेकाका, डोक्याला चॉकलेटी माकडटोपी, मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा आणि थर्मास. बाहेर उणे अकरा.

"काका, तुम्ही तिथे जाऊन करता काय?"

"बसतो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"अगं, खुर्च्या मांडलेल्या असतात. कोणीतरी बसायला नको?"

दुपारी पोचलो आणि जेवायला डायनरमध्ये शिरलो. तिथे गावकरी कमी आणि पत्रकार जास्त होते. सामान्य मतदार सापडावा म्हणून सगळे दबा धरून बसलेले. माझ्यादेखत एका बातमीदार बाईने एका माणसाला माइक लावून विचारलं, की या वेळी कोणाचा विचार करताय, आणि तो म्हणाला, "सॉरी, मीही चॅनेलचाच आहे." तेवढ्यात तिची नजर माकडटोपीवर गेली.

मी काही बोलायच्या आत माइक काकांच्या पुढ्यात. डॉ. ब्रॅकेटच का, असं तिने विचारलं. काका इंग्रजी सावकाश बोलतात, एकेक शब्द मापून ओतल्यासारखं. ते जे म्हणाले ते साधारण असं:

"गाय सांगत नाही कुठे दुखतंय. ही बाई हात लावून शोधून काढते. इथे माणसं दिवसभर सांगतायत कुठे दुखतंय, आणि तरी कोणाला सापडत नाही."

बातमीदार बाईने कॅमेरावाल्याकडे असं बघितलं जसं आपण लॉटरी लागलेल्या नवऱ्याकडे बघू.

संध्याकाळपर्यंत काकांनी आणि त्यांच्या माकडटोपीने देश पालथा घातला होता. माझ्या फोनवर नागपूरहून आत्याचा मेसेज, फ्रिस्कोहून मैत्रिणीचा: "यार, हे तुझे नेबर ना? सो क्यूट!" शुक्रवारी मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन, की परत आल्यावर शाल-श्रीफळ नक्की. सिअॅटलहून काकांची लेक गार्गी म्हणाली, "बाबा, यू आर ट्रेंडिंग! प्लीज, प्लीज टोपी काढा."

शनिवारी सकाळच्या एका मोठ्या कार्यक्रमात त्यांना हॉटेलच्या खोलीतून व्हिडिओवर घेतलं. मी दिवा धरून उभी. काकांनी टोपी काढली तर निवेदक म्हणाला, "सर, टोपी कुठाय?" काकांनी ती पुन्हा घातली.

"काका, तुम्हाला उचललं," मी म्हणाले.

"छे, छे," काका म्हणाले. पण आरशात बघून त्यांनी टोपी जरा तिरकी केली. खोटं कशाला सांगू, आवडत होतं त्यांना. सिद्धांत मांडणारा माणूसच सिद्धांतात अडकला होता आणि मी मजा बघत होते.

रविवारी डॉक्टरीणबाईंची मोठी सभा झाली. आम्ही मागच्या रांगेत होतो. तिने भाषणात ते गायीचं वाक्य घेतलं. "तुमच्यातल्याच एकाने म्हटलंय," असं म्हणून तिने टोपीकडे हात केला. टाळ्या पडल्या. काकांचे कान लाल झाले. मी फोटो काढला.

हॉटेलवर परत आलो तोवर तिन्ही चॅनेल्सवर तळाशी पट्टी धावत होती: डॉ. ब्रॅकेट मतदारांना गायी समजतात का?

एवढंच. तीन दिवस जे वाक्य शहाणपणाचं होतं ते तासाभरात अपमानाचं झालं. तज्ज्ञ बसले, चौकोनात सहा चेहरे आले. कोणी म्हणालं, गायीची उपमा ग्रामीण लोकांना झोंबेल. कोणी म्हणालं, शहरी लोकांना झोंबेल. तिचे तेच बूट पुन्हा दाखवले, पण आता चिखल जवळून दाखवला. त्याच दिवशी एक निवृत्त अंतराळवीर मैदानात उतरतोय अशी कुणकुण लागली, आणि रात्रीच्या जेवणाआधी कॅमेऱ्यांनी मोहरा तिकडे वळवला.

सोमवारी सकाळी काकांची पाळी. कोणत्याशा वेबसाइटने त्यांच्या अंगणातल्या जुन्या पाट्यांचे फोटो मिळवले होते. हा माणूस न्यू हॅम्पशरचा मतदारही नाही, आणि ज्याला ज्याला हात लावतो तो तो घरी जातो, अशी बातमी. आपल्या लोकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर त्याचं भाषांतर व्हायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पनवतीकाका. माकडटोपीला शिंगं काढलेलं चित्रही आलं. ज्या मैत्रिणीने "सो क्यूट" लिहिलं होतं तिनेच ते मला पाठवलं, हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यासकट.

मीही हसले. इथे लिहायला हवं म्हणून लिहिते.

दुपारी बाराला काकांच्या फोनवर डॉ. ब्रॅकेटच्या प्रचारप्रमुख बाईंचा फोन आला. मी शेजारी बसले होते, मला ऐकू येत होतं. बाई फार नम्रपणे बोलत होत्या. तुमच्या पाठिंब्याबद्दल आम्ही आभारी आहोत. पण आज शेवटची सभा आहे, कॅमेरे आलेच तर चुकीचं चित्र जाईल. आपण समजून घ्याल अशी आशा आहे.

"यस, यस," काका म्हणाले. "ऑफ कोर्स. व्हेरी करेक्ट."

फोन ठेवून त्यांनी डब्यातली एक पुरी काढली आणि न खाता परत ठेवली.

"आपण आजच निघू या का काका?" मी विचारलं.

"सभा कुठाय?" ते म्हणाले.

"पण त्यांनी तर..."

"मी आत जात नाही. तू जा. तुला थोडंच कोणी ओळखतं? एक खुर्ची भरेल."

सभा एका चर्चच्या तळघरात होती, तीन वाजता. काका गाडीतच बसले. मी आत गेले. साठ खुर्च्या मांडल्या होत्या आणि आम्ही सात जण होतो, त्यात कॉफी करणारी बाई धरली आहे. डॉ. ब्रॅकेट माइक बाजूला ठेवून बोलायला लागली, कारण सात माणसांपुढे माइक बरा दिसला नसता. मला राहवेना. मी फोन आल्याचं नाटक करून बाहेर आले.

काकांनी काच खाली केली. "किती?"

"बऱ्यापैकी आहेत," मी म्हणाले.

काकांनी मैदानाकडे बोट केलं. "मेघना, पाच गाड्या आहेत. त्यातली एक आपली." मग म्हणाले, "कॅमेरे?"

"एकही नाही."

"मग पनवती दिसणार कोणाला?" असं म्हणून त्यांनी टोपी काढून डॅशबोर्डवर ठेवली, विरळ केसांवरून हात फिरवला आणि खाली उतरले. बर्फावरून जाताना माझा हात धरला, एवढंच. तो शब्द त्यांना माहीत होता, हे मला तेव्हा कळलं.

आत ते पहिल्या रांगेत मधोमध बसले. प्रचारप्रमुख बाईंनी दारातून पाहिलं आणि मान वळवली. प्रश्न विचारायची वेळ झाली तेव्हा काकांनी हात वर केला आणि उभे राहिले.

"मॅडम, प्रश्न नाही. ते गायीचं वाक्य माझं होतं. माझ्यामुळे झालं. आय अॅम व्हेरी सॉरी."

डॉ. ब्रॅकेट त्यांच्याकडे बघत राहिली. "टोपीशिवाय ओळखलंच नाही मी तुम्हाला," ती म्हणाली. मग आली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. "वाक्य चांगलं होतं हो. पस्तीस वर्षं हे काम करतेय, मला सुचलं नाही कधी."

सभा तिथेच संपली. मग मी गाडीतून डबा आणला आणि आम्ही सगळ्यांनी पुऱ्या खाल्ल्या. डॉक्टरीणबाईंनी पाच. तिखट लागल्यावर त्या मोठ्या पंजाने डोळे पुसत होत्या, तिखटानेच असावं.

मंगळवारी मतदान झालं. त्या सहाव्या आल्या. रात्री उशिरा आम्ही घरी पोचेपर्यंत माघारीची बातमी आली होती. तिन्ही टीव्ही मिळून टायमर बावन्न सेकंदांवर थांबला.

बुधवारी मी काकांकडे भाजीचा डबा द्यायला गेले तर ते फोनवर होते. "हा डॉ. ब्रॅकेटसाठी निरोप आहे," ते सावकाश इंग्रजीत सांगत होते. "मी खांबेटे. काम काही नाही. आज तुम्ही जेवलात का, एवढंच विचारायचं होतं." मग नंबर दोनदा सांगितला.

"हे काय काका?"

त्यांनी जरा ओशाळून सांगितलं. ते सगळ्यांनाच करतात. माघारीच्या दुसऱ्या दिवशी. मधमाश्यावाल्याला केला होता, पंचाला केला होता. तारांगणवाले तर पाऊण तास बोलले.

"माझी नोकरी गेली ना, सव्वीस वर्षांनी," काका टीव्हीकडे बघत म्हणाले, "तेव्हा आदल्या दिवशी निरोपाला अख्खी लॅब होती. केक होता. भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी फोन इतका गप्प, की मी दोनदा उचलून बघितला, चालू आहे ना म्हणून."

मी डबा ठेवून आले. मला मीटिंग होती.

त्यानंतर आपली दुनिया आपल्या मार्गाला लागली. अंतराळवीराला उचललं, मिरवलं. मराठी मंडळाचा शालीबद्दल पुन्हा फोन आला नाही. ग्रुपवरचे लोक पनवतीकाका विसरून दुसऱ्या कोणाच्या तरी मागे लागले. काका मात्र जरा कमी दिसायला लागले. कुंपणावरून ओरडणं बंद झालं. मला वाटलं, थंडी आहे.

तीनेक आठवड्यांनी एका शनिवारी मी त्यांच्या प्रिंटरचं काहीतरी बिघडलेलं बघायला गेले होते. फोन वाजला. नंबर नेब्रास्काचा. उचलताना काकांकडून स्पीकर लागला, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बटण नीट दिसत नाही.

"मिस्टर खांबेटे? हेलन ब्रॅकेट. तुमचा निरोप आजच ऐकला. प्रचाराचं ऑफिस बंद केलं तेव्हा निरोपाचं मशीन खोक्यात गेलं होतं."

"जेवलात का?" काकांनी तत्परतेने विचारलं.

ती खळखळून हसली. जेवले म्हणाली. आज सकाळीच एका गाईला सोडवून आले, वासरू आडवं होतं, दोन तास लागले, आता दोघं बरी आहेत. कामाला लागलेय, छान चाललंय. पहिले दोन दिवस वाईट गेले. काका "गुड, व्हेरी गुड" करत होते.

मग ती म्हणाली, "आणि तुम्ही? तुमच्याबद्दल काय काय चालवलं होतं त्यांनी. मी पाहिलं ते. तुम्ही कसे आहात?"

मला वाटलं लाइन तुटली. मी प्रिंटरमधून डोकं वर काढलं. काका फोनकडे बघत उभे होते, चष्मा हातात. आणि माझ्या लक्षात आलं की गेल्या तीन आठवड्यांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. लेकीने नाही, मंडळाने नाही. कुंपणाच्या अलीकडे मी होते, रोज गाडी काढताना हात करत होते. मीही नाही.

"फाइन," काका म्हणाले. "आय अॅम... फाइन." आणि मग त्यांचं ते मापून ओतलेलं इंग्रजी संपलं, आणि ते सरळ मराठीत बोलायला लागले. "काय सांगू हो तुम्हाला. चार दिवस दुकानातसुद्धा गेलो नाही. वाटलं, लोक हसतील. या वयात कसली लाज, पण वाटते. हिलाही सांगितलं नाही मी, ती तिकडे नातवात आहे..."

आपण कोणत्या भाषेत बोलतोय याचा त्यांना पत्ता नव्हता. मी सांगावं म्हणून पुढे झाले आणि थांबले.

बरंच बोलले ते. नेब्रास्कातल्या त्या बाईला एक शब्दही कळत नसणार. पण फोनमधून मधूनमधून तिचा आवाज येत होता, हळू, "अंहं... अंहं..." असा, आणि तिने फोन ठेवला नाही.